मागचं कुंपण, गोफर कासव आणि भेंडीचा वाफा: डनेलन, फ्लोरिडा, 2025 च्या नोंदी

18 जानेवारी 2025

आधी जागा सांगतो म्हणजे पुढचं कळेल. डनेलन हे मध्य फ्लोरिडात मॅरियन काउंटीतलं दोनेक हजार वस्तीचं गाव. रेनबो नदी इथं विथलाकूची नदीला मिळते, उन्हाळ्यात लोक ट्यूबवर बसून तरंगत जायला येतात आणि उरलेलं वर्ष गाव आपापलं शांत. 1889 मध्ये इथं फॉस्फेट सापडलं तेव्हा म्हणे गावात पाय ठेवायला जागा नव्हती. आता ते सगळं इतिहासजमा, राहिली ती वाळू. पांढरी, पिठासारखी, इथले लोक हिला शुगर सँड म्हणतात. हे लक्षात ठेवा कारण या सगळ्या कामात निम्मा त्रास या वाळूनेच दिलाय.

गेल्या ऑक्टोबरात मिल्टन वादळात मागचं जुनं लाकडी कुंपण आडवं झालं. खांब मोडले नाहीत, उभे उपटले गेले, म्हणजे आधीच्या मालकाने जेमतेम दीड फूट खोल पुरले होते. घरात कुत्रा आहे, मागे भाजी लावायची आहे, त्यामुळे कुंपण हवंच. कंत्राटदाराने सहा हजार डॉलरच्या आसपास आकडा सांगितला, सहा फुटी लाकडी, मागून 240 फूट. ऐकून घाम फुटला. मग ठरवलं आपणच करू, लाकडी खांब आणि जाळी, चार फुटी.

आज दोरी ताणून लाइन टाकली. मागच्या कोपऱ्यात, जिथे पाइनची झाडं सुरू होतात तिथे, दोरीच्या बरोबर खाली एक बीळ. तोंडाशी वाळूचा मोठा ढिगारा. म्हटलं आर्मडिलो असेल (अंगावर कवच असलेला, उकरत फिरणारा प्राणी), फावडं मारून बुजवू. ही म्हणाली आधी फोटो काढून बघ तरी काय आहे. ऐकलं ते बरं झालं.

26 जानेवारी

बीळ आर्मडिलोचं नाही, गोफर कासवाचं. ओळखायची खूण सोपी आहे, आर्मडिलोचं तोंड साधारण गोल असतं, कासवाचं खाली सपाट आणि वर कमान, अर्ध्या चंद्रासारखं, कारण कासवाचा आकारच तसा. आणि तोंडाची रुंदी साधारण कासवाच्या लांबीइतकी, त्याला आत फिरून वळता यावं म्हणून. आमच्याकडचं तोंड टेपने मोजलं तर 11 इंच, म्हणजे चांगलं मोठं थोराड कासव.

आता नियम, कारण इथेच बरेच जण फसतात. गोफर कासव फ्लोरिडात 2007 पासून 'थ्रेटन्ड', म्हणजे धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. कासवाला हात लावायचा नाहीच, पण बिळालाही संरक्षण आहे. बांधकाम बिळापासून 25 फुटांच्या आत येत असेल तर एफडब्ल्यूसी, म्हणजे राज्याचं वन्यजीव खातं, त्यांचा परवाना काढून कासव दुसरीकडे हलवावं लागतं, आणि ते काम आपण घमेलं घेऊन करायचं नसतं. त्यात पैसे जातात, वेळ जातो. नेहमीचं गवत कापणं वगैरे चालतं, बीळ ढासळणार नाही एवढं बघायचं.

कंत्राटदाराला परत फोन केला होता, निदान कोपऱ्याचे खांब तरी तुम्ही रोवून द्या म्हणून. तो येऊन बघून म्हणाला, जुनं बीळ आहे, आत कोणी नाही, दोन पोती काँक्रीट ओता आणि विषय संपवा. त्याला नमस्कार करून वाटेला लावलं. एक तर हे बेकायदा. दुसरं, 'आत कोणी नाही' हे जानेवारीत कशावरून म्हणायचं? याच आठवड्यात 21 तारखेला वर पॅनहँडलमध्ये, म्हणजे फ्लोरिडाच्या वायव्येकडच्या पट्ट्यात, चक्क बर्फ पडलाय, आमच्याकडेही सकाळी गाडीची काच खरवडावी लागत होती. अशा थंडीत कासव खालीच बसून राहतं. बीळ सरासरी 15 फूट लांब आणि साडेसहा फूट खोल असतं, वरून डोकावून काय दिसणार कप्पाळ.

शेजारचे आजोबा इथेच वाढलेले, ते सांगत होते की मंदीच्या काळात, 1930 च्या आसपास, इथले गरीब लोक ही कासवं खायचे, राष्ट्राध्यक्षांच्या नावावरून त्याला 'हूवर चिकन' म्हणायचे. आणि बिळात पेट्रोल ओतून आतले रॅटलस्नेक बाहेर काढायचे. साप बाहेर यायचा की नाही देव जाणे, आतलं बाकी सगळं मरायचं. या बिळांत साडेतीनशेच्या वर जातींचे प्राणी आसरा घेतात, बेडूक, उंदीर, साप, किडे, काय काय.

तर निर्णय असा की कुंपण मागे घ्यायचं. बिळाच्या तोंडापासून 25 फुटांचा गोल आखला आणि सगळे खड्डे त्याच्या बाहेर. लाइन 240 फुटांवरून 180 वर आली. मागचा कोपरा गेला, पण तिथे पाइनच्या सावलीत भाजी येणारच नव्हती, खरं सांगायचं तर.

1 फेब्रुवारी

खणायच्या आधी 811, म्हणजे जमिनीखालच्या लाइनी कुठे आहेत ते दाखवून देणारी सेवा. फुकट आहे, ऑनलाइनही होतं, पूर्ण दोन कामाचे दिवस आधी कळवावं लागतं. लोक येऊन जमिनीवर रंगाच्या रेघा मारून जातात, लाल म्हणजे वीज, निळा पाणी, नारिंगी फोन-इंटरनेट.

पण एक गोष्ट कोणी सांगत नाही. ते फक्त कंपन्यांच्या लाइनी दाखवतात, तुमच्या स्वतःच्या नाही. आमच्याकडे विहिरीचं पाणी आणि सेप्टिक टँक, या भागात बहुतेक घरांना तसंच आहे. सेप्टिकचे पाइप मागे कुठवर गेलेत ते कुठल्याच रेघेत नव्हतं. घराची जुनी कागदपत्रं शोधण्यात अख्खी दुपार गेली, पण त्यात हाताने काढलेला नकाशा मिळाला. दोन खांब बरोबर ड्रेनफील्डवर, म्हणजे सेप्टिकचं पाणी जमिनीत मुरतं त्या भागावर, येत होते. लाइन तिथे सहा फूट पुढे घेतली. आता वरून बघितलं तर कुंपण वाकडंतिकडं दिसतं, बायको म्हणते नदीच्या वळणासारखं आहे, मी म्हणतो असू दे.

कुंपणाला परवाना लागतो का ते आपापल्या गावात किंवा काउंटीत आधी विचारा, आणि सोसायटी असेल तर त्यांनाही. आमच्या गल्लीला सोसायटी नाही, नशीब.

8 फेब्रुवारी

ऑगर, म्हणजे खड्डे पाडायचं गिरमिटासारखं मशीन, भाड्याने आणला, दोघांनी धरायचा, 85 डॉलर. पैसे पाण्यात. कोरड्या शुगर सँडमध्ये ऑगर आत जातो लोण्यासारखा, पण बाहेर काढला की खड्डा वरून भरतो. तीन फूट खणायचे आणि हातात राहायचे दीड फूट, वर तोंड नुसतं रुंद होत जातं. दुपारपर्यंत मागे आठ-दहा खळगे झाले होते, एकही कामाचा नाही.

आजोबा कुंपणाला टेकून (म्हणजे त्यांच्या कुंपणाला) हे सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, पाणी मार. होजने एकेका जागेवर दहा मिनिटं पाणी सोडलं, मुरू दिलं, परत सोडलं, आणि मग दोन दांड्यांच्या साध्या पोस्ट-होल डिगरने हाताने काढलं. ओली वाळू भिंत धरून उभी राहते. खड्डा झाल्याझाल्या खांब आत घालायचा, उद्यावर ठेवायचं नाही, ऊन लागलं की कडा सुटतात. ऑगर परत दिला तेव्हा दुकानातला माणूस म्हणाला की तीन तासांत आणलात म्हणून काही परत मिळणार नाही. बरं.

खोली तीन फूट ठेवली, खांब आठ फुटी, चार बाय चार, आणि लेबलवर 'ग्राउंड काँटॅक्ट', म्हणजे जमिनीत पुरायला चालणारं, असं लिहिलेलं बघूनच घ्या. दिसायला सगळं लाकूड सारखंच हिरवट असतं पण नुसतं प्रेशर ट्रीटेड आणि ग्राउंड काँटॅक्ट यात फरक आहे, इथल्या वाळवीला तो बरोबर कळतो.

16 फेब्रुवारी

काँक्रीट. एका खांबाला 50 पाउंडी दोन पोती, कोरडंच ओतायचं आणि वरून पाणी. ओळंबा धरून खांब सरळ करायला मुलगी मदतीला होती, "बाबा डावीकडे, बाबा परत डावीकडे", निम्मी लाइन तिने उभी केली म्हणायला हरकत नाही.

फायर अँट्स. वाळू उकरली की वारूळ नसलेल्या जागीही निघतात. लाल, बारीक, बुटावर चढेपर्यंत कळत नाही आणि मग सगळ्या एकदम चावतात. दुसऱ्या दिवशी पांढरे पुवाळलेले फोड. बूट घाला आणि पॅंट मोज्यात खोचून काम करा, चप्पल घालून अंगणात जायची आपली सवय इथे विसरायची.

दुपारी पश्चिमेकडून धुराचा मोठा लोट आला, मी फोन हातात घेतला होता, आजोबांनी थांबवलं. तिकडे गोथी स्टेट फॉरेस्ट आहे, हिवाळा संपताना ते लोक मुद्दाम आग लावतात. इथलं लाँगलीफ पाइनचं जंगल आगीशिवाय टिकत नाही, खाली झुडपं माजतात, गवत मरतं, आणि ते गवत म्हणजे कासवाचं जेवण. आग आली की कासव बिळात, आग गेली की आठवडाभरात कोवळं गवत. कोकणात भाजावळ करतात ते आठवलं, कारण वेगळं असलं तरी.

1 मार्च

जाळी लावून झाली. दोन बाय चार इंची घराची वेल्डेड जाळी, 50 फुटांचा एक रोल, असे चार. ताण नीट बसेना म्हणून मधे फुगे आलेत, चालतंय.

वर स्वॅलो-टेल्ड काइट नावाची घार दिसली, या वर्षीची पहिली. दुभंगलेली काळी शेपटी, पांढरं अंग, पंख न हलवता फिरते. दक्षिण अमेरिकेतून येते, याच सुमाराला. जाळी ताणायची सोडून सगळे मान वर करून उभे.

22 मार्च

कासव निघालं. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन वाढलं तसे बिळाच्या तोंडाशी ताजे ओरखडे दिसत होते, म्हणून 45 डॉलरचा कॅमेरा बाहेरच्या झाडाला बांधला. सकाळी दहाच्या पुढे बाहेर येतं, तोंडाशी बसून ऊन खातं आणि मग चरायला निघतं. पुढचे पाय फावड्यासारखे चपटे, मागचे हत्तीच्या पायांसारखे. आईला व्हिडिओ पाठवला तर तिचा लगेच फोन, देवळात गाभाऱ्यासमोर कासव असतं तुमच्या दारात जिवंत आलंय, हळदकुंकू वाहा. म्हटलं आई, हातसुद्धा लावायचा नाही, सरकारचं आहे ते.

आता मुद्द्याचं. कासवाची रोजची वाट कुंपणातून जाते हे कॅमेऱ्यात कळलं. जाळी मी जमिनीपासून दहा इंच वर ठेवली होती, त्यासाठीच, पण जमीन सपाट नाही. काही ठिकाणी दहा, काही ठिकाणी जेमतेम पाच. आणि कासव नेमकं पाच इंचवाल्या पट्ट्यात येऊन धडकायचं, मग जाळीला अंग घासत डावीकडे जायचं, परत उजवीकडे, परत डावीकडे, तासभर. ती वाळूवर पडलेली घळ बघून वाईट वाटलं. त्याला तीन फूट पलीकडे मोकळी फट आहे हे कळत नाही, त्याला त्याची वाट माहिती, बस.

त्या पट्ट्यात जाळी सोडून परत वर घेतली, खालची तार कापून टोकं आत वळवली (नाहीतर पाठीला घासतात), आणि खाली वाळू थोडी खरवडली. आता फट अकरा इंच. त्याच दिवशी दुपारी गेलं पलीकडे. कॅमेऱ्यात बघून घरात टाळ्या.

पण मग कुत्रा? दहा-अकरा इंचातून आमचा कुत्रा आरामात जातो, पहिल्याच संध्याकाळी गेला. म्हणजे एकाच कुंपणाकडून दोन्ही कामं होत नाहीत. शेवटी घरालगत कुत्र्यासाठी लहान चौक वेगळा केला, तिथे जाळी जमिनीत सहा इंच पुरलेली, आणि बाहेरची मोठी लाइन खालून मोकळी. हे आधीच डोक्यात आलं असतं तर बाहेरच्या लाइनीला इतकी महाग जाळी घेतलीच नसती, नुसत्या तीन तारा पुरल्या असत्या. तुम्ही करणार असाल तर हे पहिलं ठरवा, की कोणाला आत ठेवायचंय आणि कोणाला जाऊ द्यायचंय.

12 एप्रिल

भाजीचा वाफा. आठ फूट रुंद, वीस फूट लांब. फटीतून कासव येतं तसे ससेही येतात, म्हणून वाफ्याला स्वतःची दोन फुटी बारीक जाळी. भेंडी 'क्लेमसन स्पाइनलेस', गवार, थोडी चवळी. कडेला घोळ आपोआप उगवलीय, ती उपटली नाही, एक तर आपण भाजी करतो आणि दुसरं कासव बाहेरच्या बाजूची खातं.

कढीपत्त्याबद्दल विचारणारे मेसेज येतात म्हणून इथेच लिहितो. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. फ्लोरिडात 2005 मध्ये सिट्रस ग्रीनिंग हा रोग सापडला आणि त्याने संत्र्याच्या बागांची वाट लावली. तो पसरवणारा बारीक किडा कढीपत्त्यावरही मजेत राहतो. त्यामुळे पूर्ण राज्य क्वारंटाइनमध्ये आहे, रोप राज्याबाहेरच्या मित्राला कुरियर करणं किंवा गाडीत घालून नेणं नियमात बसत नाही. मागू नका, मी देणार नाही.

खांबांच्या डोक्यावर टोप्या बसवल्या. गेटसाठी पोकळ पीव्हीसीचे पाइप वापरले होते, आठवड्यात आत क्यूबन ट्री फ्रॉग. मोठे, चिकट, इथले नव्हेत, इथल्या छोट्या हिरव्या बेडकांना खातात. पोकळ पाइपचं तोंड उघडं ठेवू नका एवढंच.

10 मे

लव्हबग्ज. जोडीजोडीने उडणारे काळे किडे, मे आणि सप्टेंबरात येतात. ताजा पांढरा रंग गेटला आज द्यायची बुद्धी झाली, आता गेट ठिपक्यांचं आहे.

आजची दुसरी गोष्ट. गल्लीच्या तोंडाशी एक गाडी थांबली, छतावर रंगीत ट्यूबा बांधलेल्या, दोन पोरं रस्त्यावरून कासव उचलून डिकीत ठेवत होती. मी पळत गेलो. ती म्हणाली बिचारं रस्त्यात होतं, आम्ही नदीवर चाललोय, पाण्यात सोडतो. चांगुलपणाच होता, पण गोफर कासवाला पोहता येत नाही. ते जमिनीवरचं आहे, पाण्यात टाकलं की बुडतं. पायांना पडदे आहेत का बघा म्हटलं, नखं आहेत नुसती. मग तिघांनी मिळून ते ज्या दिशेला चाललं होतं त्याच बाजूला रस्त्याच्या कडेला ठेवलं. दिशा महत्त्वाची, उलट बाजूला ठेवलं तर ते परत रस्त्यात येतं. आमचंच होतं का दुसरं, सांगता येत नाही. पोरांनी माझ्याबरोबर सेल्फी काढला, कासवाबरोबर नाही, एवढं ऐकलं त्यांनी.

24 मे

भेंडीचं बिनसलं. उगवण चांगली झाली होती, चार पानांवर आली आणि थांबली. दुपारी माना टाकायची, पाणी घातलं तरी. खत घातलं, परत खत घातलं, फिश इमल्शन, म्हणजे माशांचं पातळ खत, घातलं (त्याच्या वासाने रात्री रॅकून आला, वेगळाच उद्योग). पानं पिवळी ती पिवळीच.

आई-बाबा गेल्या आठवड्यात आलेत. बाबांची साताऱ्याकडे शेती. जेटलॅग उतरला तसे ते वाफ्यावर गेले, एक रोप सरळ उपटलं आणि मुळं मला दाखवली. मुळांवर गाठीच गाठी, आल्याच्या कुड्यांसारख्या.

"सूत्रकृमी आहेत रे. खत काय घालतोस, मुळंच खाल्लीत."

"बाबा, पण इथे आधी काही लावलंच नव्हतं."

"तुझ्या आधी तण होतंच की. आणि वाळूत ह्यांचं फावतं."

बरोबर निघालं. मग काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसला, म्हणजे शेतीचा सल्ला देणाऱ्या कचेरीत, मुळांचे फोटो दाखवले, त्यांनीही हेच सांगितलं, रूट-नॉट नेमॅटोड, म्हणजे मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी, वाळूच्या जमिनीत फार, आणि भेंडी हे त्यांचं आवडतं. द्विदल पिकांच्या गाठी वेगळ्या, त्या मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात आणि बोटाने निघतात, त्या नत्राच्या, चांगल्या. चवळीला त्या होत्या. भेंडीच्या गाठी म्हणजे मूळच फुगलेलं, खरवडून निघत नाही. हा फरक बाबांनी दोन्ही रोपं शेजारी ठेवून दाखवला.

एवढी माहिती मला एप्रिलमध्ये असती तर भेंडी कुंड्यांत विकतच्या मातीत लावली असती. आता ती काढून टाकली, मुळांसकट, कंपोस्टमध्ये नाही, कचऱ्यात.

14 जून

ठरलं असं की वाफ्याचे दोन भाग. एका भागात उन्हाचा उपाय, दुसऱ्यात ताग. बाबा म्हणाले ताग आण. मला वाटलं इथे कुठे मिळणार, तर 'सन हेम्प' नावाने पोत्याने मिळतो, शिकारी लोक हरणांना चारा म्हणून पेरतात. फ्लोरिडातले शेतकरी सूत्रकृमीसाठी आणि हिरवळीच्या खतासाठी हाच पेरतात, हिंदुस्थानातून आलेलं पीक म्हणून. बाबांना इतका आनंद झाला की पोत्याचा फोटो गावच्या ग्रुपवर गेला. मृगात पेरला, आणि इथलाही दुपारचा रोजचा पाऊस याच सुमाराला सुरू होतो, चौथ्या दिवशी वर.

कासवाच्या बिळाच्या तोंडावरची वाळू हल्ली ताजी उकरलेली दिसते. मे-जूनमध्ये मादी बहुतेक त्या ढिगाऱ्यातच अंडी घालते. घातलीत का, मादी आहे का, उकरून बघायचं नसतं. तिकडे मोवर नेणं बंद, दांडीला लाल कापड बांधून ठेवलंय.

12 जुलै

सोलरायझेशन, म्हणजे प्लास्टिक अंथरून माती तापवायची. घरात काळं प्लास्टिक होतं ते टाकलं, दोन आठवडे गेले, मग कळलं की पारदर्शक लागतं. काळं स्वतः तापतं, खालची माती तेवढी तापत नाही. पारदर्शक आणलं, 30 डॉलर. माती आधी भरपूर भिजवायची, प्लास्टिक जमिनीला चिकटून ताणायचं, चारी कडा मातीत पुरायच्या, सहा आठवडे.

तिसऱ्या रात्री आर्मडिलोने एक कड उकरून आतपर्यंत बोगदा केला. प्लास्टिकखाली ओलावा, ओलाव्यात किडे, तो येणारच. कडेवर आता फरशा ठेवल्यात. सकाळी सँडहिल क्रेनची जोडी पिल्लाला घेऊन त्याच प्लास्टिकवरून चालत गेली, चार फुटी उंच पक्षी, ऐटीत, मधे थांबून एक चोच मारली. भोक. टेप लावली. आई त्यांना पोळीचा तुकडा टाकायला निघाली होती, तिला थांबवलं, क्रेनला खायला घालणं इथे कायद्याने बंद आहे आणि सवय लागली की ते दाराची जाळी फाडतात.

30 ऑगस्ट

ताग डोक्याच्या वर गेला होता. बाबांनी फुलं यायच्या आत कापायला लावला, उशीर केला की दांडे वाखासारखे होतात आणि कुजत नाहीत. तिथेच बारीक करून मातीत मिसळला. दोन्ही भागांत परत भेंडी पेरली, या वेळी कडेने झेंडू. बाबा नोव्हेंबरात परत जाणार, त्याआधी त्यांना मुळं बघायची आहेत.

4 ऑक्टोबर

दोन्हीकडचं एकेक रोप उपटलं. तागाच्या भागात गाठी आहेत पण तुरळक, रोपं कमरेइतकी, भेंडी लागतेय. प्लास्टिकच्या भागात वरची मुळं स्वच्छ, खाली गेलेल्या मुळांवर गाठी, म्हणजे ऊन तेवढं खोल पोचलं नाही, आणि जुलैत रोज दुपारी ढग येतात हेही आहेच. पुढच्या वर्षी पूर्ण वाफ्यात ताग, प्लास्टिक नाही. उन्हाळ्याची भेंडी मात्र कुंड्यांत.

खर्च विचारतात म्हणून: खांब 312, काँक्रीट 264, चार रोल जाळी 300, गेट 120, टोप्या-स्टेपल वगैरे 60, वाया गेलेला ऑगर 85, कॅमेरा 45. एकूण 1186 डॉलर. कुत्र्याच्या चौकाची जाळी आणि भाजीचा खर्च वेगळा, तो मांडला तर ही रागावेल, भेंडी किलोला काय पडली याचा हिशेब निघेल.

राहिलेलं काम: गेट खाली झोपलंय, वरच्या बिजागरीपासून खालच्या टोकाला तिरपी तार आणि टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू) लावायचाय. मेथी-कोथिंबीर पुढच्या आठवड्यात. कासवाच्या फटीखाली पावसाने वाळू वाहून येऊन फट परत सात इंचांवर आलीय, ती गेटच्या आधी मोकळी करणार.